चीज सॉस फुटतो, मॉझरेला रबर होतं, क्यूब वितळतच नाही: दर वेळी बिनसतं कुठे?

पास्त्याचा सॉस जमला असं वाटेपर्यंत वर तेलाचा तवंग येतो आणि तळाशी रवाळ दाणे बसतात. पिझ्झा ओव्हनमधून काढताना चीज छान लांबत असतं, ताटात येईपर्यंत त्याचा चामट पापुद्रा होतो. चीज बॉल कढईत सोडावेत तर आतलं चीज तेलात जातं आणि हाती नुसतं कवच येतं. यावर मिळणारे सल्लेही ठरलेले: दूध वाढवा, क्रीम घाला, नाहीतर महागातलं चीज आणा. महागातलं आणलं की सॉस आणखी लवकर फुटतो, तो भाग सल्ला देणारे सांगत नाहीत.

आपली खरी पंचाईत अशी की आपला हात प्रोसेस्ड चीजवर बसलाय. क्यूब उकळत्या भाजीत किसा, रटरटत्या सॉसमध्ये टाका, परत परत गरम करा, तो सगळं निमूट सोसतो. आता कोपऱ्यावरच्या दुकानातही चेडर, गौडा, मॉझरेला, पार्मेझान मिळायला लागलंय, आणि आपण त्यांनाही क्यूबसारखंच वागवतो. घरातले चीजचे बहुतेक बिघाड इथूनच सुरू होतात. म्हणून काय बिघडलं हे पाहण्याआधी हातात कुठलं चीज आहे ते पाहायचं.

आधी पाकीट उलटं करा

घटकांच्या यादीत दूध, मीठ, कल्चर (म्हणजे विरजण) आणि मायक्रोबियल रेनेट (दूध गोठवणारं विकर) एवढंच असेल तर ते नैसर्गिक चीज. यादीची सुरुवातच ‘चीज’ या शब्दाने असेल आणि पुढे सोडियम सायट्रेट, सोडियम फॉस्फेट किंवा इमल्सिफायर ३३१, ३३९, ४५२ असे आकडे असतील तर ते प्रोसेस्ड. म्हणजे तयार चीज वितळवून, त्यात हे क्षार घालून पुन्हा घट्ट केलेलं. यादीत वनस्पती तेल किंवा पाम तेल दिसलं तर ते चीजसारखं बनवलेलं अ‍ॅनालॉग. ते वितळतं, लांबतंसुद्धा, पण चव दुधाची नसते आणि थंड झाल्यावर टाळूला मेणासारखा थर बसतो. स्वस्तातल्या ‘पिझ्झा चीज’च्या मोठ्या पाकिटांवर ही यादी जरूर वाचा. आधीच किसलेल्या चीजच्या पाकिटात सेल्युलोजची नाहीतर स्टार्चची पावडरही असते, कीस एकमेकांना चिकटू नये म्हणून. पिझ्झ्यावर तिचा त्रास नाही, सॉसमध्ये मात्र कधीकधी जिभेला खरखर लागते. सॉससाठी अख्खं चीज आणून घरी किसलेलं बरं.

ते इमल्सिफायरचे आकडे पाहून दचकायचं कारण नाही. चीजमधलं मुख्य प्रथिन केसीन. त्याची जाळी कॅल्शियमने बांधलेली असते आणि त्या जाळीत स्निग्धांश आणि पाणी अडकलेलं असतं. सायट्रेट हे कॅल्शियम काढून घेतं. मग प्रथिनं सुटी होऊन पाण्यात नीट पसरतात आणि स्निग्धांशाचे थेंब धरून ठेवतात. १९११ साली स्वित्झर्लंडमधल्या थुन गावात वॉल्टर गर्बर आणि फ्रिट्झ श्टेटलर यांनी एमेंटालर चीजमध्ये सोडियम सायट्रेट घालून हे पहिल्यांदा जमवलं. गरम देशांत पाठवताना चीज टिकावं, ही त्यांची गरज होती. अमेरिकेत जेम्स क्राफ्टने अशाच कामाचं पेटंट १९१६ मध्ये घेतलं. क्यूबच्या सोशिकपणाचं कारण हे एवढंच. चेडरला असलं काही मिळालेलं नसतं, त्याची काळजी आपल्याला घ्यावी लागते.

तक्रार पहिली: सॉसमध्ये तेल सुटतं, दाणे होतात

सगळ्यात जास्त विचारली जाते ती हीच, म्हणून इथे जरा थांबू.

चीज तापवलं की आधी त्यातला स्निग्धांश मऊ होतो. हे साधारण ३२ अंशांच्या आसपासच होतं, म्हणून मे महिन्यात ओट्यावर विसरलेल्या चेडरला घाम फुटलेला दिसतो. त्यापुढे प्रथिनांची जाळी सैल पडते आणि चीज वाहायला लागतं. ओलसर मॉझरेला साधारण ५५ अंशांना, चेडर ६५ च्या आसपास आणि पार्मेझानसारखं कोरडं, मुरलेलं चीज ८० च्या पुढे. इथवर ठीक. पण उष्णता वाढतच गेली तर प्रथिनं परत एकमेकांना घट्ट धरतात, आकसतात आणि आतलं पाणी आणि स्निग्धांश दोन्ही पिळून बाहेर टाकतात. दाणे म्हणजे आकसलेली प्रथिनं आणि तवंग म्हणजे पिळून निघालेला स्निग्धांश. क्रीम वाढवून तवंगच वाढतो.

आता हा सॉस नीट बघा. फुटण्याआधी तो इशारा देतो. गुळगुळीत सॉसमध्ये उलथनं फिरवलं की मागची रेघ हळूहळू भरून येते. बिघडायला लागला की आधी कडेला, जिथे भांडं सर्वात गरम असतं, तिथे चकाकी येते. मग पिवळसर बारीक मणी वर दिसतात. त्यानंतर उलथन्यामागची रेघ भरत नाही आणि चीजचा गोळा सगळीकडून सुटून उलथन्याला लटकतो. मणी दिसले त्या क्षणी भांडं गॅसवरून उतरवलंत तर सॉस वाचतो. गोळा लटकायला लागल्यावर फार काही हाती राहत नाही.

करायचं काय, तर व्हाइट सॉस आधी पूर्ण शिजवून घ्यायचा. १ टेबलस्पून बटर, १ टेबलस्पून मैदा, १ कप दूध. मैद्याचा कच्चा वास जाईपर्यंत परतणं, दूध घालून एक चांगली उकळी येऊ देणं, हे सगळं चीज पडायच्या आधी. मग गॅस बंद. बंद म्हणजे खरंच बंद, बारीक नव्हे. बुडबुडे थांबून नुसती वाफ येत राहील इतका वेळ, मिनिट-दोन मिनिटं थांबा. मग किसलेलं चीज, ७५ ते १०० ग्रॅम, तीन-चार हप्त्यांत. एक मूठ विरघळली की दुसरी. भांडं जाड बुडाचं असेल तर त्याच्या उष्णतेत सगळं आरामात वितळतं. नाहीच वितळलं तर दहा सेकंद अगदी मंद आच, लगेच पुन्हा बंद. चीज फ्रीजमधून काढून अर्धा तास बाहेर ठेवलेलं असावं. किसायचं मात्र गार असतानाच, नाहीतर किसणीला लगदा चिकटतो.

मैदा इथे नुसता दाटपणासाठी नसतो. आंबट ताक सरळ तापवलं तर त्याचं चोथापाणी होतं, बेसन लावलं तर कढी उकळली तरी टिकते. चीजचं गणित तेच आहे: स्टार्च पाण्यात फुगून प्रथिनांच्या मधे येतं आणि त्यांना एकत्र येऊन गोळा होऊ देत नाही. बेसन न लावता कढी उकळायला ठेवणारं माणूस आपल्याकडे शोधून सापडणार नाही, पण नुसत्या दुधात चेडर टाकून मोठ्या आचेवर ढवळणारे घरोघरी आहेत. मैद्याचा सॉस नको असेल तर २०० ग्रॅम किसलेल्या चीजला २ छोटे चमचे कॉर्नफ्लोर हलक्या हाताने चोळून घ्या आणि मग ते गरम दुधात सोडा.

चीजचं वयही पाहायचं. मुरलेलं, तीक्ष्ण चवीचं चेडर कोरडं असतं. मुरताना त्याची प्रथिनं तुटून आखूड झालेली असतात, स्निग्धांश धरायची ताकद कमी होते. चवीला राजा, पण सॉसमध्ये पहिलं फुटणार. कोवळं चेडर आणि कोवळं गौडा गुळगुळीत वितळतात. दोन भाग कोवळं आणि एक भाग मुरलेलं असं घेतलंत तर चव मिळते आणि सॉसही टिकतो.

आणखी एक सोपा उपाय आहे, तो सांगायला शुद्धतावादी लाजतात. २०० ग्रॅम चेडरच्या सॉसमध्ये प्रोसेस्ड चीजच्या एक-दोन स्लाइस टाका. त्यांच्यातलं सायट्रेट चेडरलाही सांभाळून घेतं. मुलांच्या वाढदिवसाला मॅक अँड चीजचं पातेलं दोन तास गरम ठेवायचं असेल तर मी हाच मार्ग धरते आणि कुणाला सांगत नाही. थेट सोडियम सायट्रेटही मिळतं. २०० ग्रॅम चीजला साधारण पाऊण ते एक छोटा चमचा, आधी दुधात विरघळवून घ्यायचं. तेवढ्यात मैद्याशिवायही तकतकीत सॉस होतो. ते खारट असतं, तेव्हा मीठ सगळ्यात शेवटी आणि चाखून.

स्विस लोक फॉन्ड्यूत, म्हणजे ब्रेड बुडवून खायच्या वितळलेल्या चीजमध्ये, पांढरी वाइन घालतात त्यामागेही हेच आहे. वाइनमधलं टार्टारिक आम्ल कॅल्शियमला धरतं आणि चीज सैल राहतं. घरी वाइन नसेल तर फॉन्ड्यूत थोडा लिंबाचा रस चालतो. मात्र यावरून टोमॅटोच्या ग्रेव्हीत चेडर ढवळायला जाऊ नका. तिथे आच मोठी असते, पाणी भरपूर असतं आणि चीज चिमूटभर, त्यामुळे त्याचे पांढरे कण होऊन तरंगतात. टोमॅटोच्या भाजीत चीज हवंच असेल तर क्यूब घ्या, किंवा पावभाजीच्या गाडीवर करतात तसं ताटलीत वाढल्यावर वरून किसा.

फुटलेला सॉस परत जुळतो का? तवंग नुकताच आला असेल तर हो. भांडं उतरवा, दोन चमचे गार दूध घाला आणि विस्कने जोरात फेटा. स्लाइस असेल तर एक तुकडे करून टाका. दाणे पक्के झाले असतील तर हँड ब्लेंडर फिरवून ते बारीक होतात, पूर्ण जात नाहीत. गरम सॉस मिक्सरच्या बंद भांड्यात घालू नका, वाफेने झाकण उडतं. अगदीच गेला असेल तर वरचं तेल काढून तो ब्रेडवर लावून भाजा. टोस्टवर दाणे कुणाला कळत नाहीत.

तक्रार दुसरी: पार्मेझान टाकलं की गुठळी होते

गरम पास्ता, त्यावर पार्मेझान किंवा पेकोरिनो (मेंढीच्या दुधाचं कडक इटालियन चीज), थोडं पास्त्याचं पाणी, आणि मलईसारखा सॉस होण्याऐवजी चिंगमसारखा गोळा चमच्याला. रोमच्या ‘काचो ए पेपे’ या पास्त्यात चीज आणि मिरी याशिवाय काहीच नसतं, त्यामुळे तिथे लपायलाही जागा नाही. इटालियन भौतिकशास्त्रज्ञांच्या एका गटाने या गुठळीवर शोधनिबंधच लिहिला आणि त्याला २०२५चं भौतिकशास्त्राचं इग नोबेल, म्हणजे आधी हसवणाऱ्या आणि मग विचार करायला लावणाऱ्या संशोधनाचं बक्षीस, मिळालं. हसू येतं, पण निष्कर्ष स्वयंपाकघरात कामाचा आहे: स्टार्च चीजच्या वजनाच्या १ टक्क्याहून कमी पडलं की गुठळ्या होतात, २ ते ३ टक्के असलं की सॉस गरम केला तरी टिकतो. पास्त्याच्या पाण्यात नेमकं किती स्टार्च उतरलंय हे आपल्याला कळत नाही, आणि आपण तर पातेलंभर पाण्यात मूठभर पास्ता उकळतो. तेव्हा वेगळं स्टार्च घ्यावं. दोघांसाठी १६० ग्रॅम किसलेल्या चीजला ४ ग्रॅम, म्हणजे सपाट दीड छोटा चमचा कॉर्नफ्लोर. ते ४० मिलिलिटर पाण्यात कालवून, मंद आचेवर खळीसारखं पारदर्शक होईपर्यंत शिजवायचं, कोमट करायचं, मग त्यात चीज मिसळून दाट लगदा करायचा. पास्ता पाण्यातून काढल्यावर मिनिटभर थांबून हा लगदा लावायचा आणि लागेल तसं पास्त्याचं पाणी घालत सैल करायचं. गॅस पेटलेला नको.

किसणी बारीक वापरा. जाड कीस बाहेरून गुठळी धरतो आणि आत कोरडाच राहतो.

तक्रार तिसरी: पिझ्झ्याला पाणी सुटतं, नाहीतर चीज रबर होतं

या दोन उलट्या तक्रारी आहेत आणि बऱ्याचदा एकाच घरातून येतात.

पाणी सुटतं ते ताज्या मॉझरेलाचं. पाण्यात बुडवलेले पांढरेशुभ्र गोळे मिळतात ते. इटलीत कंपानिया भागात हे म्हशीच्या दुधाचं करतात. तिथल्याच नेपल्स शहरातल्या भट्टीत पिझ्झा दीड मिनिटात भाजून निघतो, पाणी जागच्या जागी उडतं. आपला ओटीजी जेमतेम २३० ते २५० अंशांवर जातो, पिझ्झ्याला दहा-बारा मिनिटं लागतात, आणि तेवढ्या वेळात ते गोळे आपलं सगळं पाणी बेसवर सोडतात. ताजंच वापरायचं असेल तर काप करून, दोन सुती फडक्यांमध्ये दाबून, तासभर फ्रीजमध्ये ठेवा आणि पिझ्झ्यावर सुटे सुटे मांडा. एरवी ठोकळ्याच्या स्वरूपात मिळणारं कमी पाण्याचं मॉझरेला घ्या, घरच्या ओव्हनला तेच मानवतं. पाण्याचा दोष दर वेळी चीजचा नसतो, हेही आहे. मशरूम, टोमॅटो, सिमला मिरची कच्ची पसरली तर तीही पाणी सोडते. मशरूम तव्यावर कोरडे करून घ्या, टोमॅटोच्या बिया काढा.

रबर होतं ते जास्त वेळ भाजल्याने. बेस कच्चा राहील या भीतीने आपण पिझ्झा पंधरा-वीस मिनिटं ठेवतो, बेस होतो आणि चीज वाळतं. बेसला सॉस लावून आधी एकटाच भाजून घ्या आणि चीज शेवटच्या पाच-सहा मिनिटांसाठी घाला. वितळून बुडबुडे आले, एखाद-दुसरा तपकिरी डाग पडला की काढायचं. कमी चरबीचं मॉझरेला लवकर सुकतं आणि करपतं, कारण वर स्निग्धांशाचा थर येत नाही. त्यावर तेलाचा हात फिरवला तर थोडं सावरतं.

तव्यावरच्या पिझ्झ्याची गंमत वेगळी. झाकणाच्या आत वाफ धरते, तिचे थेंब चीजवर पडतात आणि वरचा भाग उकडल्यासारखा दिसतो. ढोकळ्याला बांधतो तसं झाकणाला फडकं गुंडाळा. वरून तपकिरी रंग तव्यावर येत नाही, ती आशा सोडा.

गार झाल्यावर मॉझरेला घट्ट होणारच. उरलेला पिझ्झा मायक्रोवेव्हमध्ये पूर्ण ताकदीवर तापवला तर ते दगड होतं. झाकण ठेवून मंद तव्यावर चार मिनिटं, एवढं पुरतं. आणि नुसतं मॉझरेला वापरण्यापेक्षा तीन भाग मॉझरेला, एक भाग कोवळं चेडर घ्या. लांबणं थोडं कमी होतं, पण चव येते. मॉझरेलाला स्वतःची चव अशी कमीच, हे तार काढत फोटो काढणाऱ्यांच्या लक्षात येत नाही.

तक्रार चौथी: सँडविचमधला क्यूब वितळत नाही

तो वितळायला बनवलेलाच नाही, मऊ व्हायला बनवलाय. मुंबईत सँडविचवाला वर चीजचा डोंगर किसतो, तो डोंगर खाऊन संपेपर्यंत डोंगरच राहतो. क्यूबपेक्षा स्लाइस सहज पसरते. क्यूबच हवा असेल तर बारीक किसून ब्रेडच्या आत, बटाट्याच्या गरम मसाल्याला लागून ठेवा. वर ठेवायचा असेल तर तव्याच्या कडेला चार थेंब पाणी शिंपडून झाकण घाला, वाफेने तो बसतो. तार हवी असेल तर क्यूबकडून ती मिळणार नाही, त्याच्या जोडीला मॉझरेला घाला.

तक्रार पाचवी: चीज बॉल तेलात फुटतात

आत चीज उकळायला लागतं आणि बाहेरचं कवच अजून धरलेलं नसतं, एवढंच घडतं. मॉझरेलात पाणी जास्त म्हणून ते आधी फोडतं. सारणात मॉझरेला आणि प्रोसेस्ड निम्मं-निम्मं घेतलं तर प्रोसेस्ड चीज जागेवर राहतं. उकडलेला बटाटा गरम असताना चीज मिसळू नका, तिथेच ते वितळून सारण चिकट होतं. मक्याचे दाणे घालत असाल तर फडक्यावर पूर्ण कोरडे करा. ओला मका स्वतःच तेलात उडतो आणि नाव चीजचं होतं.

गोळे करून मैद्याच्या पातळ पेस्टमध्ये बुडवा, ब्रेडक्रम्समध्ये घोळवा, आणि हे दोन्ही परत एकदा करा. दुहेरी कवचाला पर्याय नाही. मग अर्धा तास फ्रीजरमध्ये. तेल १७५ ते १८० अंश. घरगुती खूण म्हणजे ब्रेडचा तुकडा टाकला तर लगेच वर येऊन मिनिटाच्या आत सोनेरी व्हायला हवा. एका वेळी चार-पाचच सोडा आणि रंग आला की बाहेर. आतलं चीज शिजवायचं नसतं, नुसतं गरम करायचं असतं. गोळा फार मोठा केलात तर आत गार राहतो म्हणून आपण जास्त वेळ तळतो आणि तो फुटतो. सुपारीपेक्षा थोडा मोठा आकार पुरे.

तक्रार सहावी: पनीर वितळत नाही, आणि घरचं मॉझरेला पनीर होतं

दोन्हीचं कारण एकच, म्हणून एकत्र.

पनीर करताना दूध आधी उकळतो आणि मग लिंबू पिळतो. उकळताना दुधातली दुसरी प्रथिनं, जी एरवी निवळीबरोबर निघून जातात, ती केसीनला चिकटून बसतात. आम्ल पडलं की जाळीतलं कॅल्शियम विरघळून निवळीत जातं, पण सायट्रेटसारखी प्रथिनं सुटी होत नाहीत, आम्लात ती थेट एकमेकांना घट्ट धरतात. आता ही जाळी उष्णतेने सैल होत नाही. पनीर तव्यावर कितीही तापवा, ते भाजेल, वाळेल, करपेल, पण वाहणार नाही. म्हणून तर पनीर टिक्का होऊ शकतो. पिझ्झ्यावर पनीर किसून ते पसरायची वाट पाहणं व्यर्थ.

‘व्हिनेगर घालून अर्ध्या तासात मॉझरेला’ असं पाहून अनेक जण हौसेने घरी करतात आणि शेवटी हातात भुसभुशीत पनीर येतं. बहुतेक वेळा दूध उकळलेलं असतं. आपल्याकडे दूध आलं की आधी गॅसवर चढतं, ती सवय इथे नडते. पिशवीचं दूध पाश्चराइज्ड असतं. ते न उकळता, ४५ ते ५० अंशांपर्यंत, म्हणजे बोट बुडवून क्षणभर धरता येईल इतपतच तापवायचं. टेट्रापॅकमधलं दूध फार उष्णतेतून गेलेलं असतं, ते यासाठी चालत नाही. दुसरी चूक व्हिनेगर जास्त होण्याची. गोळा धरून निवळी सुटली की थांबायचं. आणखी दोन चमचे ओतले की कॅल्शियम गरजेपेक्षा जास्त निघून जातं आणि गोळा ताणताना तुटतो. नंतर कडकडीत गरम निवळीत बुडवून दाबत, दुमडत राहिलं की तकाकी येते. जाड रबरी हातमोजे घाला, निवळी हात भाजण्याइतकी गरम लागते. खरं सांगायचं तर हे रेनेटच्या मॉझरेलाची बरोबरी करत नाही, आणि दोन लिटर दुधात जेमतेम एका मोठ्या पिझ्झ्यापुरतं निघतं. हौस म्हणून करा, बचत म्हणून नको.

पनीरच्या स्वतःच्या तक्रारींबद्दल थोडक्यात. तळलेलं पनीर चिवट होतं कारण तळताना पाणी उडतं. तळून लगेच मिठाच्या गरम पाण्यात दहा मिनिटं टाका, आणि ग्रेव्हीत शेवटच्या तीन-चार मिनिटांसाठीच घाला. घरचं पनीर चुरा होत असेल तर आम्ल जास्त झालंय किंवा वजन कमी ठेवलंय. १ लिटर म्हशीच्या दुधाला साधारण २ टेबलस्पून लिंबाचा रस, तेवढंच पाणी घालून पातळ केलेला, थोडा थोडा करत घाला. निवळी हिरवट-पारदर्शक दिसली की गॅस बंद करून लगेच गाळा. फाटल्यावर उकळत ठेवलं तर ते घट्ट आणि रबरी होतं. विकतच्या पनीरमध्ये स्टार्चची भेसळ वाटत असेल तर तुकडा पाण्यात उकळून, गार करून, त्यावर आयोडीनचे दोन थेंब टाका. निळा रंग आला तर स्टार्च आहे. वनस्पती तेलाचं अ‍ॅनालॉग पनीर मात्र यात सापडेलच असं नाही.

तक्रार सातवी: फ्रीजमध्ये बुरशी, फ्रीजरमध्ये भुसा

नैसर्गिक चीज प्लास्टिकमध्ये घट्ट गुंडाळलं की त्याला घाम येतो आणि पावसाळ्यात आठवड्याभरात बुरशी धरते. बटर पेपरमध्ये गुंडाळून मग सैल डब्यात ठेवा. उघड्या हाताने तुकडा तोडू नका, कोरडी सुरी वापरा. चेडर, पार्मेझानसारख्या कडक चीजवर एका कोपऱ्यात बुरशी आली तर तिच्या सभोवती आणि खाली अडीच सेंटिमीटर भाग कापून बाकीचं वापरता येतं, फक्त सुरी बुरशीतून ओढायची नाही. पनीर, क्रीम चीज, ताजं मॉझरेला आणि कुठलंही किसलेलं चीज यांच्यावर बुरशी दिसली तर सगळं फेका. मऊ चीजमध्ये ती दिसते त्याहून खोल गेलेली असते.

फ्रीजरमध्ये चीज ठेवलं की आतल्या बर्फाने जाळी मोडते आणि ते नंतर भुसभुशीत होतं. वितळवायला ते चालतं, कापून खायला नाही. मॉझरेला किसूनच गोठवा, एका पिझ्झ्यापुरत्या छोट्या पिशव्या करून, आणि न वितळवता थेट पिझ्झ्यावर टाका. ओट्यावर तासभर ठेवलंत तर त्याचं पाणी सुटतं आणि आपण परत तिसऱ्या तक्रारीवर येतो.